सबव्हर्जनमधून गिटकडे: जुना इतिहास सुखरूप कसा न्यायचा

सबव्हर्जन (एसव्हीएन) आणि गिट ही दोन्ही कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणारी साधनं. रूबी भाषेचा कोड एप्रिल २०१९ मध्ये सबव्हर्जनवरून गिटवर गेला, एलएलव्हीएम हा कंपायलर-संच त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, जीसीसी कंपायलर जानेवारी २०२० मध्ये आणि फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा मुख्य सोर्स डिसेंबर २०२० मध्ये. ८ जानेवारी २०२४ ला गिटहबने सबव्हर्जन क्लायंट वापरून रेपो (कोडचं भांडार) उघडायची सोयही काढून टाकली. तरीही दहा-पंधरा वर्षांचा एसव्हीएन रेपो एखाद्या जुन्या सर्व्हरवर मुकाट्याने चालू आहे, अशी ऑफिसं कमी नाहीत. तिथल्या कुणावर हे स्थलांतर सोपवलं गेलं असेल तर त्याच्यासाठी ही माहिती.

कन्व्हर्शनची कमांड लिहायला पाच मिनिटं लागतात. वेळ जातो तो माणसांची नावं जुळवण्यात, टॅग (आवृत्त्यांना लावलेली नावं) सरळ करण्यात आणि जुने रिव्हिजन नंबर (प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंदवलेल्या बदलाला, सबव्हर्जन देतं तो आकडा) पुढेही सापडतील याची सोय लावण्यात. यातलं काहीच पहिल्या फटक्यात नीट होत नाही. म्हणून सगळं काम एका शेल स्क्रिप्टमध्ये बांधायचं, त्याच्या तीन-चार रंगीत तालमी करायच्या आणि ठरलेल्या दिवशी तीच स्क्रिप्ट शेवटची चालवायची. हाताने केलेली प्रत्येक दुरुस्ती पुढच्या तालमीत विसरली जाते.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच त्या रोमन लिपीत टाइप करायच्या.

आधी हे तपासा, नाहीतर अर्ध्या वाटेवरून परत यावं लागेल

सबव्हर्जनमध्ये फोल्डरनिहाय परवानग्या देता येतात. ऑथ्झ या परवानग्यांच्या फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या की पगाराचं मॉड्यूल फक्त तिघांना दिसतं. गिटमध्ये ही सोय नाही: ज्याला रेपो क्लोन करता येतो (म्हणजे त्याची प्रत घेता येते) त्याला सगळा रेपो मिळतो, सगळ्या इतिहासासकट. ऑथ्झ फाइलमध्ये असे नियम असतील तर ते फोल्डर वेगळ्या रेपोत न्यावे लागतील आणि तो निर्णय कन्व्हर्शनच्या आधीच व्हायला हवा. याच कारणाने २०१२ साली कुणीतरी चुकून टाकलेला डेटाबेसचा पासवर्ड आता प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पोचणार आहे. असे पासवर्ड बदलून टाका. इतिहासातून ते पुसले तरीही बदलाच.

दुसरी गोष्ट लॉकची. डिझाइनच्या किंवा कॅडच्या फाइलींवर एसव्हीएन:नीड्स-लॉक ही प्रॉपर्टी (फाइलीला जोडलेली खूण) लावलेली असेल, तर ती टीम रोज लॉक घेऊन, म्हणजे एका वेळी एकानेच फाइल बदलून, काम करते. साध्या गिटमध्ये लॉक हा प्रकारच नाही. गिट एलएफएस या मोठ्या फाइलींसाठीच्या जोडसाधनात तो आहे, पण ज्या सर्व्हरवर रेपो ठेवणार तो एलएफएसचं लॉकिंग देतो का ते पाहून घ्या. रेपोत कोडपेक्षा अशा फाइलीच जास्त असतील, तर तो भाग सबव्हर्जनवरच राहू द्यावा. वर्डप्रेसचे प्लगिन अजूनही सबव्हर्जनमधूनच प्रसिद्ध होतात, तेव्हा त्यात कमीपणा काही नाही.

स्थानिक प्रत

गिट एसव्हीएन हे कन्व्हर्शनचं साधन एकेक रिव्हिजन सर्व्हरकडून मागून घेतं. नेटवर्कवरून हे इतकं रखडतं की काही हजार रिव्हिजनचा रेपोही रात्रभर चालतो, आणि मध्ये कनेक्शन तुटतं ते वेगळंच. त्यामुळे आधी रेपोची प्रत त्याच मशीनवर आणा. सर्व्हरवर लॉगिन असेल तर एसव्हीएनअ‍ॅडमिन हॉटकॉपी हा सर्वांत सोपा मार्ग. फक्त यूआरएल हातात असेल तर एसव्हीएनआरडम्प डम्प (सबव्हर्जन १.७ पासून उपलब्ध) वापरून डम्प (सगळ्या इतिहासाची एक फाइल) घ्या आणि नव्या रिकाम्या रेपोत एसव्हीएनअ‍ॅडमिन लोडने भरा. प्रत आल्यावर एसव्हीएनअ‍ॅडमिन व्हेरिफाय चालवा. जुन्या डिस्कवरच्या रेपोत एखादं रिव्हिजन खराब झालेलं असतं, आणि ते कन्व्हर्शनच्या मध्यावर कळण्यापेक्षा इथेच कळलेलं बरं.

मशीन लिनक्सचं घ्या. डेबियन किंवा उबुंटूवर गिट-एसव्हीएन हे पॅकेज वेगळं बसवावं लागतं, कारण ते पर्लमध्ये लिहिलेलं आहे आणि त्याला सबव्हर्जनची पर्ल लायब्ररी लागते. विंडोजवरही काम होतं, पण बरंच हळू. शिवाय तिथे रिपोर्ट आणि कॅपिटल आर असलेला रिपोर्ट ही दोन नावं एकच मानली जातात, आणि इतिहासात कधीतरी दोन्ही फोल्डर एकत्र नांदलेले असले की गोंधळ होतो. डब्ल्यूएसएल (विंडोजमधलं लिनक्स) वापरणार असाल तर काम लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच करा. सी ड्राइव्हवर नको.

माणसांची नावं

सबव्हर्जन प्रत्येक कमिटबरोबर फक्त लॉगिन नाव ठेवतं. गिटला नाव आणि ईमेल दोन्ही लागतात. त्यासाठी एक ऑथर्स फाइल बनवायची, प्रत्येक ओळीत एक नोंद:

लॉगिननाव = पूर्ण नाव <ईमेल>

लॉगिनची यादी काढायला एसव्हीएन लॉग -क्यू चालवा, आर या अक्षराने सुरू होणाऱ्या ओळी घ्या, उभ्या रेषेने वेगळा केलेला दुसरा रकाना काढा आणि सॉर्ट -यू करा. ही यादी रेपोच्या मुळापासून काढायची, फक्त ट्रंकची (कोडच्या मुख्य धारेची) नाही, कारण एखादा माणूस एकाच ब्रँचवर (वेगळ्या फांदीवर) दोन कमिट करून नोकरी सोडून गेलेला असतो.

यादी हातात आली की दोन प्रकार हमखास दिसतात. एक, तोच माणूस दोनदा: एकदा छोट्या लिपीत, एकदा पहिलं अक्षर कॅपिटल, कधी पुढे डोमेनचं नाव लावून. दोन्ही ओळी ठेवा आणि दोन्हींना तोच ईमेल द्या. दुसरा, बिल्ड किंवा अ‍ॅडमिन असं सामाईक लॉगिन. ते कुणा एका माणसाच्या नावावर टाकू नका. बिल्ड हेच नाव द्या. सोडून गेलेल्यांचं खरं नाव आणि त्यांचा तेव्हाचा ऑफिसचा ईमेल ठेवला की पुरे.

काही कमिटना लेखकच नसतो. त्यांच्यासाठी कंसात नो ऑथर अशी नोंद लागते, आणि तो कंससुद्धा नोंदीचाच भाग आहे. फाइलमध्ये नसलेलं नाव आलं की गिट एसव्हीएन तिथेच थांबतं आणि ते नाव सांगतं. घाबरायचं कारण नाही. फाइलमध्ये ओळ घाला, अर्धवट क्लोनच्या फोल्डरमध्ये जा आणि गिट एसव्हीएन फेच द्या. जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं.

ही फाइल टीमला एकदा वाचून दाखवा. गिटमध्ये लेखकाचं नाव हॅशचा, म्हणजे कमिटच्या ओळखखुणेचा, भाग असतं. ते नंतर बदलायचं म्हणजे तिथून पुढचे सगळे हॅश बदलतात आणि सर्वांना नव्याने क्लोन करावं लागतं. दिसण्यापुरती दुरुस्ती .मेलमॅप फाइलने करता येते, पण तो नंतरचा उपाय.

कच्चा क्लोन

रेपोची रचना ट्रंक, ब्रँचेस, टॅग्ज अशी सरळ असेल तर कमांड अशी:

गिट एसव्हीएन क्लोन --स्टडलेआउट --प्रीफिक्स="" --ऑथर्स-फाइल=ऑथर्स.टीएक्सटी --रीराइट-रूट=<जुन्या सर्व्हरचा यूआरएल> फाइल:///<प्रतीचा मार्ग> कच्चा

प्रीफिक्स रिकामा ठेवल्याने रिमोट ब्रँचच्या नावाआधी ओरिजिन लागत नाही, गिट २.० पासून ते आपोआप लागतं आणि मग पुढची नावं उगाच लांबतात. रीराइट-रूट मात्र महत्त्वाचा. तो दिला नाही तर प्रत्येक कमिटच्या मेसेजखाली तुमच्या मशीनवरचा फाइल मार्ग कायमचा नोंदला जाईल.

एकाच रेपोत अनेक प्रकल्प असतील आणि प्रत्येकाच्या आत स्वतःचा ट्रंक असेल, तर यूआरएल त्या प्रकल्पाच्या फोल्डरचा द्या आणि प्रत्येकाचा वेगळा क्लोन घ्या. रचना वेडीवाकडी असेल तर स्टडलेआउटऐवजी -टी (कॅपिटल) ट्रंकसाठी, -बी ब्रँचसाठी आणि -टी (छोटा) टॅगसाठी; शेवटचे दोन कितीही वेळा देता येतात. थेट सर्व्हरवरून क्लोन करत असाल आणि रेपोच्या मुळावर वाचायची परवानगी नसेल तर --नो-मिनिमाइझ-यूआरएल जोडा, कारण गिट एसव्हीएन आपणहून मुळापर्यंत जायला बघतं.

पण दरवर्षी कुणीतरी फोल्डर हलवलेत, ट्रंकच्या आत दुसरा ट्रंक आहे, ब्रँच चुकून टॅग्जमध्ये आहेत अशी स्थिती असेल तर गिट एसव्हीएनशी झुंजू नका. केडीई डेस्कटॉपच्या लोकांनी बनवलेलं एसव्हीएन-ऑल-फास्ट-एक्सपोर्ट घ्या. त्याला नियमांची फाइल देता येते: हा मार्ग या रिव्हिजनपर्यंत अमुक ब्रँच समजा, त्यानंतर तमुक. ते स्थानिक रेपोवरच चालतं आणि बरंच वेगवान आहे. फ्रीबीएसडीने हेच वापरलं. जीसीसीने एरिक रेमंड यांचं रिपोसर्जन वापरलं, पण ते शिकायलाच काही आठवडे द्यावे लागतात. साध्या व्यावसायिक प्रकल्पाला त्याची गरज पडत नाही.

वेळेचा एक बारकावा. सबव्हर्जन तारीख यूटीसीमध्ये ठेवतं आणि गिट एसव्हीएनही तशीच उतरवतं. पहाटे दोनला केलेला कमिट मग आदल्या दिवशी रात्री साडेआठचा दिसतो. सगळी टीम भारतातच होती असं असेल तर --लोकलटाइम द्या आणि मशीनचं टाइमझोन आशिया/कोलकाता ठेवा. टीम दोन देशांत असेल तर यूटीसीच बरं.

नो-मेटाडेटा द्यायचा का?

इंटरनेटवरच्या बऱ्याच सूचनांमध्ये --नो-मेटाडेटा हा पर्याय डोळे मिटून दिलेला असतो. त्याने प्रत्येक मेसेजखालची गिट-एसव्हीएन-आयडी ही ओळ जाते आणि लॉग सुबक दिसतो. आमच्या मते तो देऊ नये. बगच्या यादीत, रिलीजच्या नोंदींत, कोडमधल्या कॉमेंटमध्ये आर४५२१ असे उल्लेख शेकड्यांनी पसरलेले असतात. ती ओळ टिकली तर

गिट लॉग --ऑल --ग्रेप='@४५२१ '

दिल्यावर तो कमिट समोर येतो. (नंबरनंतरची मोकळी जागा विसरू नका, नाहीतर ४५२१० सुद्धा येईल. आणि नंबर टर्मिनलवर इंग्रजी आकड्यांत!) ती ओळ गेली की आर४५२१ म्हणजे कोणता कमिट हे तारखा लावून शोधत बसावं लागतं. लांबलचक ओळ डोळ्यांत खुपत असेल तर नंतर गिट फिल्टर-रेपो या इतिहास बदलणाऱ्या साधनाच्या मेसेज-कॉलबॅकने ती छोटी करून फक्त एसव्हीएन-रिव्हिजन: ४५२१ एवढीच ठेवता येते.

पक्का रेपो: टॅग आणि ब्रँच

कच्च्या क्लोनला हात लावू नका. तो तसाच राहिला तर शेवटच्या दिवशी फक्त नवे कमिट ओढून घेता येतात. पुढचं काम त्याच्या प्रतीवर करायचं, आणि प्रत सीपी -आर किंवा आरसिंकने घ्यायची. गिट क्लोनने घेतली तर रिमोट ब्रँच आणि टॅग येतच नाहीत आणि माणूस तासभर ते कुठे गेले हे शोधत राहतो.

सबव्हर्जनच्या दृष्टीने टॅग म्हणजे साधी फोल्डरची प्रत. त्यामुळे गिट एसव्हीएन टॅगसुद्धा रिमोट ब्रँच म्हणून आणतं. गिट फॉर-ईच-रेफने रेफ्स/रिमोट्स/टॅग्ज खालची यादी घ्या आणि लूपमध्ये प्रत्येकाचा खरा टॅग बनवा. पण कुठे? रिमोट ब्रँचच्या टोकावर टॅग लावला तर तो ट्रंकला फुटलेल्या एका कमिटच्या फांदीवर बसतो. ट्रंकच्या इतिहासात तो येत नाही, आणि मग गिट डिस्क्राइबला (जवळचा टॅग सांगणाऱ्या कमांडला) एकही टॅग सापडत नाही. म्हणून आधी टोक आणि त्याचा पालक कमिट यांचा गिट डिफ घ्या. फरक शून्य असेल (बहुतेक वेळा असतोच) तर टॅग पालकावर लावा. फरक असेल तर कुणीतरी टॅगमध्ये जाऊन बदल केलेत. तिथे टॅग टोकावरच राहू द्या.

ब्रँचचंही तसंच: प्रत्येक रिमोट ब्रँचची स्थानिक ब्रँच, मग ट्रंक नावाची काढून टाका, कारण मास्टर तीच आहे. रिलीज-२.१@३८०० अशी @ चिन्ह आणि आकडा असलेली नावं दिसतील. ब्रँच एकदा पुसून त्याच नावाने पुन्हा केली किंवा दुसऱ्या जागेवरून कॉपी केली की ती उरतात. बहुतेक फेकण्यासारखी असतात, तरी एकेक बघून फेका. मर्ज होऊन पाच वर्षं झालेल्या ब्रँचही इथेच गाळायच्या.

मर्जबद्दल अपेक्षा माफक ठेवा. पूर्ण ब्रँचचं मर्ज एसव्हीएन:मर्जइन्फोवरून गिट एसव्हीएन बऱ्याचदा ओळखतं. पण एक-दोन रिव्हिजन निवडून आणलेले असतील तर ते साधे कमिट म्हणून उतरतात. याने कोडला काही होत नाही, आलेख तेवढा सपाट दिसतो.

प्रॉपर्टीजचं काय होतं

एक्झिक्युटेबल आणि सिमलिंक या खुणा आपोआप येतात. बाकीच्या येत नाहीत.

एसव्हीएन:इग्नोरसाठी गिट एसव्हीएन शो-इग्नोर चालवून आउटपुट .गिटइग्नोरमध्ये टाका. इथे एक लपलेला खड्डा आहे. सबव्हर्जन क्लायंट काही फाइली कुठेही न लिहिता मुळातच दुर्लक्षित करतो: .ओ, .ए, .एसओ, .पीवायसी, शेवटी ~ असलेल्या, .डीएस_स्टोअर वगैरे. गिटमध्ये तसा मूळ नियमच नाही. पहिल्याच बिल्डनंतर गिट स्टेटस शंभर अनोळखी फाइली दाखवतं आणि कुणीतरी गिट अ‍ॅड . देऊन त्या सगळ्या आत घेतो. या ओळी हाताने घाला.

एसव्हीएन:एक्स्टर्नल्स (दुसरीकडून ओढून आणलेले फोल्डर) पूर्णपणे गळतात. एसव्हीएन प्रॉपगेट एसव्हीएन:एक्स्टर्नल्स -आर (कॅपिटल) देऊन यादी काढा. ठरावीक रिव्हिजनला बांधलेले असतील तर सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेला दुसरा रेपो) जमतं. नुसते ताज्या कोडकडे बोट दाखवणारे असतील तर त्यांचं पॅकेज करणं उत्तम. जुने कमिट जसेच्या तसे बिल्ड होणार नाहीत हे मात्र मान्य करावं लागतं.

रिकामे फोल्डर गिट ठेवत नाही. लॉग्ज किंवा अपलोड्स असा रिकामा फोल्डर प्रोग्रॅमला लागत असेल तर क्लोन करतानाच --प्रिझर्व्ह-एम्प्टी-डिर्स द्या, नाहीतर प्रोग्रॅम पहिल्याच रनला कोसळेल.

ओळींच्या शेवटाचा प्रश्न विंडोजच्या टीमला छळतो. .गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये * टेक्स्ट=ऑटो लिहा, गिट अ‍ॅड --रीनॉर्मलाइझ . द्या आणि हा बदल एका स्वतंत्र कमिटमध्ये करा. त्या कमिटचा हॅश .गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज फाइलमध्ये लिहून ब्लेम.इग्नोररेव्ह्जफाइल सेट केलं (गिट २.२३ पासून) की ब्लेम (कुठली ओळ कुणाची ते सांगणारी कमांड) त्याला ओलांडून खरा लेखक दाखवतं.

कोडच्या वर डॉलरच्या चिन्हांत आयडी किंवा रिव्हिजन असे शब्द असतील तर गिटमध्ये ते भरले जात नाहीत. काढून टाका. टॉर्टॉइजएसव्हीएन या विंडोजवरच्या क्लायंटच्या सबडब्ल्यूसीरेव्हने बिल्ड नंबर बनत असेल तर तिथे गिट डिस्क्राइब किंवा गिट रेव्ह-लिस्ट --काउंट हेड लावावं लागेल. रिव्हिजनचा आकडा व्हर्जनमध्ये ग्राहकाला दिसत असेल तर नवा आकडा जुन्यापेक्षा लहान निघू शकतो. अपडेट तपासणारा प्रोग्रॅम अशा वेळी नवीन आवृत्तीला जुनी समजतो. शेवटच्या एसव्हीएन रिव्हिजनचा आकडा त्यात मिळवला की हे टळतं.

देवनागरी नावांच्या फाइली असतील (अहवाल, शासकीय नमुने, मदतीची पानं) तर गिट स्टेटसमध्ये त्या \३४०\२४४ अशा आकड्यांत दिसतात. फाइल बिघडलेली नसते. गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स दिलं की नावं वाचता येतात.

अवजड फाइली

सबव्हर्जनमध्ये जुना ३०० एमबीचा झिप सर्व्हरवर पडून राहायचा, कुणाला जाणवायचा नाही. गिटमध्ये तो प्रत्येक क्लोनबरोबर येतो, आणि गिटहब तर १०० एमबीपेक्षा मोठी फाइल पुशच होऊ देत नाही. पक्क्या रेपोतल्या ब्रँच आणि टॅग एका बेअर रेपोत (कामाच्या फाइली नसलेल्या) पुश करा, म्हणजे पाठवा, तिथून --मिरर --नो-लोकल देऊन नवा क्लोन घ्या आणि त्यात गिट फिल्टर-रेपो --अ‍ॅनालाइझ चालवा. ताजा क्लोन यासाठी की फिल्टर-रेपो वापरात असलेल्या रेपोला हात लावायला नकार देतं. अहवालात सर्वांत मोठ्या फाइली वरती येतात. टाकाऊ असतील तर --स्ट्रिप-ब्लॉब्ज-बिगर-दॅन ने काढा, लागणाऱ्या असतील तर गिट एलएफएस मायग्रेट इम्पोर्टने एलएफएसमध्ये हलवा. एलएफएसमध्ये नेलेल्या फाइलींना जागेचा कोटा लागतो, तो आधी पाहा.

पडताळणी

ट्रंक, चालू असलेली प्रत्येक ब्रँच आणि निदान शेवटचे पाच रिलीज टॅग यांचा एसव्हीएन एक्सपोर्ट --इग्नोर-कीवर्ड्स घ्या, तोच बिंदू गिटमधून वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि डिफ -आर करा. ही तुलना .गिटइग्नोर, .गिटअ‍ॅट्रिब्यूट्स वगैरे नवे कमिट घालण्याआधीच्या बिंदूशी करायची. रिकामे फोल्डर आणि मुद्दाम काढलेल्या फाइली सोडून काही फरक आला तर थांबा. त्याचं कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. त्यानंतर ताज्या क्लोनवरून पूर्ण बिल्ड घ्या, तोही अशा मशीनवर जिथे हा प्रकल्प आधी कधी नव्हता.

बदलाचा दिवस

शुक्रवारी संध्याकाळी सर्वांना हातातलं काम कमिट करायला सांगा. मग सबव्हर्जन फक्त वाचण्यापुरतं ठेवा: प्री-कमिट हुकमध्ये (कमिट स्वीकारण्याआधी सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) एक वाक्य स्टँडर्ड एररवर छापा आणि एक्झिट १ द्या. "हा रेपो बंद झाला आहे, नवा पत्ता अमुक" हे वाक्य कमिट करू पाहणाऱ्याच्या टॉर्टॉइजच्या खिडकीतच दिसतं, त्यामुळे फोन कमी येतात. सर्व्हर विंडोजचा असेल तर हुकची फाइल .बॅट हवी.

आता स्थानिक प्रतीवर एसव्हीएनअ‍ॅडमिन हॉटकॉपी --इन्क्रिमेंटल (१.८ पासून), कच्च्या क्लोनमध्ये गिट एसव्हीएन फेच, मग मास्टर पुढे सरकवायला गिट एसव्हीएन रिबेस, आणि त्यानंतर तालमीतली स्क्रिप्ट. रिबेस विसरलं तर मास्टर पहिल्या तालमीच्या तारखेलाच अडकून राहतो. पडताळणी पुन्हा करा, नव्या सर्व्हरवर गिट पुश --ऑल आणि वेगळं गिट पुश --टॅग्ज. जेन्किन्सचे जॉब, डिप्लॉयच्या स्क्रिप्ट, रात्रीचे क्रॉन यांत जुना यूआरएल शोधा. एसव्हीएन अपडेटवर चालणारा एखादा सर्व्हर हमखास विसरलेला असतो, आणि तो बंद पडत नाही, जुनाच कोड शांतपणे दाखवत राहतो. एसव्हीएन सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये महिनाभर लक्ष ठेवलं तर तो सापडतो.

सोमवारी टीमला दोन शब्द आधीच सांगून ठेवा. एसव्हीएन रिव्हर्ट म्हणजे हातातला बदल टाकून देणं; गिटमध्ये ते काम गिट रिस्टोअर करतं. गिट रिव्हर्ट जुना कमिट उलटवणारा नवाच कमिट बनवतं. आणि गिट कमिट केल्यावर सर्व्हरवर काहीच जात नाही, पुश करावं लागतं. पहिल्या आठवड्यात "मी तर कालच कमिट केलं होतं" हे वाक्य जितक्यांदा ऐकू येईल तितक्यांदा आधी पुश झालंय का एवढंच विचारा.